विजयनगरची टांकसाळ

आमच्या घरी देव्हाऱ्यातील चांदीच्या करंड्यात एक सोन्याचे नाणे आहे. लक्ष्मीपूजनाचे दिवशी ते बाहेर काढावयाचे, पंचामृताने न्हाऊ घालावयाचे, हळदकुंकू वाहावयाचे आणि दुसरे दिवशी पुन्हा करंड्यात ठेवावयाचे, असा परिपाठ आमच्या पणजोबांपासून चालत आला आहे. घरात त्यास ‘रायांचा होन’ असे म्हणतात. आमच्या कोणा पूर्वजाच्या वेदपठणावर संतुष्ट होऊन विजयनगरच्या कृष्णदेवरायाने तो दक्षिणा म्हणून दिला, अशी हकीकत आम्ही आजीच्या मांडीवर बसून ऐकली. नाण्यावर मध्ये एक आणि दोन बाजूंस दोन अशा तीन मूर्ती आहेत. मधला कृष्ण, उजवी-डावीकडे रुक्मिणी व सत्यभामा. आणि ज्या अर्थी कृष्ण आहे त्या अर्थी नाणे कृष्णरायाचे, असा घरातील तर्कशास्त्राचा क्रम होता. पुढे आम्ही शिक्षक झालो. विजयनगरचा पाठ आला की ‘त्या कृष्णदेवरायाचे नाणे आमच्या घरी आहे बरे का!’ असे आम्ही मुलांना सांगत असू. मुलांचे डोळे मोठे होत, आणि खोटे कशास बोलावे, आम्हांसही ते बरे वाटे.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या धाकट्या बंधूंच्या नातीचा विवाह ठरला. दागिन्यांची बोलणी चालली असता बंधू सहज म्हणाले, “दादा, तो होन करंड्यात नुसता पडून असतो. त्याचे मणी करून मुलीच्या मंगळसूत्रात घातले तर? रायांचे सोने तिच्या गळ्यात राहील.”

आम्ही जरा चढ्या स्वरात म्हटले, “अरे, कृष्णरायाचा होन मुशीत घालावयाचा?”

त्यावर बंधू शांतपणे म्हणाले, “पण तो कृष्णरायाचाच कशावरून?”

हा प्रश्न चार पिढ्यांत कोणी विचारला नव्हता. आम्ही उत्तर देऊ शकलो नाही. जन्मभर मुलांना ‘कशावरून?’ हे विचारावयास शिकविले, आणि स्वतःच्या देव्हाऱ्यापाशी तो शब्द आम्हांस सुचला नव्हता! शेवटी नाण्याच्या दोन्ही अंगांवर पातळ कागद ठेवून, वरून शिसपेन्सिल घासून त्याचे ठसे आम्ही उतरून घेतले. आणि माघ महिन्यात धाकट्या नातवास बरोबर घेऊन हंपीस निघालो.

मिरजेहून बेळगाव, धारवाड अशी वाट काढीत हुबळीस यावे आणि तेथे गाडी बदलावी. गदग व कोप्पळ मागे पडले की काळ्या जमिनीतून हळूहळू गोल, गुळगुळीत धोंडे डोके वर काढू लागतात. मुनिराबाद गेल्यावर गाडी तुंगभद्रा ओलांडते. 1953 साली पुऱ्या झालेल्या धरणाची लांबच लांब भिंत तेथे दिसते, आणि पलीकडे होस्पेट, म्हणजे आताचे होसपेटे, लागते. तेथून हंपी 3 कोसांच्या आसपास. वाटेवरील कमलापूर गावी पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. भग्नावशेषांची वर्णने पुष्कळांनी केली आहेत. विरूपाक्षाचे गोपुर, विठ्ठलमंदिरातील दगडी रथ, उग्रनरसिंह यांविषयी वाचकांनी वाचलेच असेल. आम्ही निघालो होतो टांकसाळ पाहावयास.

हजारराम मंदिराच्या पश्चिमेस, राजवाड्याच्या परिसरातच, उंच दगडी तटांनी वेढलेल्या जागा आहेत. त्यांतील एकीस दण्णायकाचा वाडा म्हणतात व एकीस टांकसाळ. आत जोती आहेत, पडक्या भिंती आहेत, गवत आहे. नातू म्हणाला, “आजोबा, इथे तर काहीच नाही!” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. शिवाय ही नावे पुरातत्त्वज्ञांनी तर्काने दिलेली आहेत. याच चौकात घण पडत होते असे शपथेवर कोणी सांगणार नाही. परंतु टांकसाळ राजवाड्याच्या निकट होती यास मात्र साक्षीदार आहे. हेरातच्या शाहरुख बादशहाचा वकील अब्दुर्रझाक 1443 साली दुसऱ्या देवरायाच्या दरबारी आला होता. त्याने आपल्या वृत्तांतात दिवाणखाना, दफ्तरखाना आणि टांकसाळ यांविषयी लिहून ठेवले आहे. आम्ही एका जोत्यावर बसून नातवास तो वृत्तांत सांगितला, तेव्हा ते गवत त्यासही थोडे निराळे दिसू लागले.

त्या राज्याची रीत अशी होती की ठराविक मुदतीस ज्याच्याकडून जे येणे असेल ते सोने त्याने टांकसाळीत आणून भरावे, आणि सरकारातून ज्यास देणे असेल त्याने चिठ्ठी दाखवून टांकसाळीतून घ्यावे. सैनिकांचा पगार दर 4 महिन्यांनी रोख मिळे. पगारापोटी कोणास गावांचा वसूल तोडून दिलेला नसे. म्हणजे टांकसाळ ही केवळ नाणी पाडण्याची भट्टी नव्हे, तोच राज्याचा खजिना होता. दुसऱ्या राज्यांत सरदार आपापल्या गावांतून वसूल करून शिपाई पोसत. येथे शिपायाच्या हातावर राजाचे नाणे पडत होते, निदान या परदेशी पाहुण्यास तसे दिसले.

नाण्यांचे कोष्टकही त्याने दिले आहे. सोन्याचे मोठे नाणे वराह. त्याच्या निम्मे ते प्रताप. प्रतापाचा दहावा भाग ते फणम, हेही सोन्याचेच. फणमाचा सहावा भाग म्हणजे चांदीचे तार, आणि ताराचा तिसरा भाग म्हणजे तांब्याचे जितल. हिशेब केला तर एका वराहाची फणमे 20, तार 120 आणि जितल 360 होतात. भास्कराचार्यांच्या लीलावतीत आरंभीच 20 कवड्यांची काकिणी, 4 काकिणींचा पण, 16 पणांचा द्रम्म व 16 द्रम्मांचा निष्क असे कोष्टक आहे. ते ज्यांनी लहानपणी घोकले असेल त्यांस हे विजयनगरी कोष्टक फारच सोपे वाटेल. ‘फणम’ हा त्या ‘पणा’चाच दक्षिणेकडील अवतार, आणि ‘द्रम्म’ तर ग्रीकांच्या द्राख्मेपासून आलेला. आपण रोज ‘दाम’ म्हणतो तो त्याचाच वंशज.

या वकिलास राजाकडून शिधा मिळे: रोज 2 मेंढे, 8 कोंबड्या, 5 मण तांदूळ, 1 मण लोणी, 1 मण साखर आणि रोख 2 वराह. (तेथील मण आपल्याएवढा नसावा, नाहीतर तो माणूस हेरातेस परत गेला नसता.) 2 वराह म्हणजे 40 फणमे. आता टांकसाळीसमोर नगराच्या कोतवालाची कचेरी होती, तिच्या दिमतीस 12,000 शिपाई होते आणि त्यांचा रोजचा खर्च 12,000 फणमे होता असे तोच लिहितो. म्हणजे शिपायास दिवसाकाठी एक फणम. वकिलाची रोख नेमणूक 40 शिपायांइतकी झाली, शिधा निराळाच. शिपायांच्या पगाराची रक्कम टांकसाळीच्या पाठीमागे असलेल्या एका पेठेच्या उत्पन्नातून भागे. त्या पेठेचे वर्णन वकिलाने मोठ्या आवडीने केले आहे. परंतु हे मासिक घरातील सर्व मंडळी वाचतात, तेव्हा आम्ही ते गाळतो. नातवासही तेवढे गाळूनच सांगितले.

फणम केवढे असते म्हणाल, तर हरभऱ्याच्या डाळीएवढे. वाऱ्याने उडावे असे ते नाणे मोजावयाचे कसे? दक्षिणेत, त्रावणकोराकडे, त्यासाठी लाकडी फळ्या असत. फळीस ठराविक संख्येचे बारीक खळगे पाडलेले. वर मूठभर नाणी टाकून फळी हलवावयाची, प्रत्येक खळग्यात एक नाणे बसले की मोजणी झाली. मुलांस दशक-शतक शिकविताना असली फळी आमच्याजवळ असती तर काय बहार झाली असती!

वराह मात्र मजबूत. वजन सुमारे 3.4 ग्रॅम; आकार लहान, पण जाडी भरपूर. नाव वराह, परंतु या राज्याच्या सोन्याच्या नाण्यांवर वराह सहसा आढळत नाही. वराह हे चालुक्यांचे लांछन; विजयनगरच्या राजांनीही ते आपल्या मुद्रेत घेतले, आणि नाव तेवढे नाण्यास चिकटून राहिले. कानडी मंडळी सोन्यास ‘होन्नु’ म्हणतात, त्यावरून आपला ‘होन’ आला. पोर्तुगीजांनी ‘प्रताप’ शब्दाचे ‘पारदाव’ केले आणि गोव्याच्या हिशेबवह्यांत तो दीर्घकाळ नांदला. पायस नावाचा पोर्तुगीज 1520 च्या सुमारास येथे आला होता. तो या नाण्याविषयी लिहितो की ते सर्व हिंदुस्थानात चालते. जुन्या नाण्यांवर एका अंगास दोन मूर्ती व दुसऱ्या अंगास राजाचे नाव असते, आणि सध्याच्या राजाच्या, म्हणजे कृष्णदेवरायाच्या, नाण्यांवर मूर्ती एकच असते, असेही त्याने नोंदविले आहे. ‘मूर्ती एकच’ हे शब्द आम्ही पूर्वीही वाचले होते. परंतु मनुष्य जे वाचावयाचे नसते ते वाचून न वाचल्यासारखे करतो.

नाणी पाडावयाची कला या राज्यात पुष्कळ सुधारली होती. त्यापूर्वी आमच्या देवगिरीच्या यादवांची पद्मटंक नाणी पाहावीत. सोन्याच्या चकतीवर मध्ये कमळाचा ठसा मारावयाचा, मग शंख, राजाचे नाव इत्यादी निरनिराळे ठसे भोवताली एकेक करून ठोकावयाचे. त्या घावांनी चकती वाटीसारखी खोलगट होई. विजयनगरच्या टांकसाळीत दोन साचे असत. एक खाली ऐरणीत बसविलेला, दुसरा कारागिराच्या हातात. कसोटीवर कस पाहून घेतलेल्या व तोलून कापलेल्या सोन्याची चकती मधे ठेवावयाची आणि वरून घणाचा घाव घालावयाचा. दोन्ही अंगे एकदम उमटत. पाणिनीने ‘रूप्य’ हा शब्द ‘आहत’ म्हणजे ठोकलेले या अर्थी साधून दिला आहे, त्याचे हे प्रात्यक्षिकच! आपल्या ‘टांकसाळ’ शब्दातही टङ्कशाला जशीच्या तशी बसली आहे. कधी साचा मोठा व चकती लहान असे. मग देवाचे पाय किंवा राजाच्या नावाचे एखादे अक्षर बाहेर राही. फणमांवर तर हे नित्याचेच.

सोने कोठून येई? काही रायचूरच्या दुआबातून. हट्टीच्या खाणी फार प्राचीन आहेत, आणि त्या दुआबासाठी बहामनी सुलतानांशी व पुढे आदिलशहाशी पिढ्यान् पिढ्या लढाया झाल्या. 1520 ची रायचूरची लढाई त्यांतलीच. काही व्यापारातून येई. जाण्याची वाट मात्र एक फार मोठी होती, ती घोड्यांची. नूनिश नावाचा दुसरा पोर्तुगीज लिहितो की राजा वर्षास 13,000 घोडे विकत घेई. हजारराम मंदिराच्या बाहेरील भिंतीवर घोड्यांच्या रांगाच रांगा कोरल्या आहेत, त्या मोजू लागलेल्या नातवास आम्ही म्हटले, “बाळ, हे घोडे नव्हेत, हे वराह आहेत, टांकसाळीतून बाहेर पडलेले.”

दुसरे दिवशी सकाळी कृष्णमंदिर पाहिले. कृष्णदेवरायाने उदयगिरीचा किल्ला जिंकून तेथील बाळकृष्णाची मूर्ती आणली आणि 1515 साली या मंदिरात स्थापन केली. तसा शिलालेख तेथे आहे. गाभारा आज रिकामा आहे, मूर्ती चेन्नईच्या संग्रहालयात आहे. कृष्णरायाच्या वराहांवर जो बाळकृष्ण दिसतो त्याचा संबंध याच मूर्तीशी अभ्यासक जोडतात. लोण्याचा गोळा हातात घेऊन बसलेले बाळ! रिकाम्या गाभाऱ्यापुढे उभे असता आमच्या मनात तीन मूर्ती व एक मूर्ती यांचा हिशेब चालला होता. तिरुमलैच्या मंदिरात तिरुमलदेवी व चिन्नादेवी या दोन राण्यांसह कृष्णरायाची धातूची प्रतिमा आहे, तशीच ही आमच्या नाण्यावरची नसेल ना, असेही एकदा मनाने सुचवून पाहिले. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तो असा.

दुपारी संग्रहालयात गेलो. नाण्यांपुढे आम्ही बराच वेळ उभे राहिलो. विजयनगरच्या नाण्यांची ओळख पटवावयास एका अंगी दैवत पाहावे व दुसऱ्या अंगी नागरी लिपीतील नाव वाचावे. हरिहर, देवराय यांची उमामहेश्वर, लक्ष्मीनारायण यांची जोडपी. अच्युतरायाचा गंडभेरुंड, दोन्ही चोचींत व पंजांत हत्ती धरलेला. सदाशिवरायाची पुन्हा जोडपी. मागील अंगी ‘श्रीप्रताप’ व पुढे राजाचे नाव, तीन ओळींत, मधे आडव्या रेघा. कानडी मुलखातील राजाचे नाणे आपल्या मराठी मुलास अक्षर लावून वाचता येते, याचा आनंद काही निराळाच! नातवाने पुस्तकातील चित्र पाहून ‘कृष्णराय’ वाचले, आणि मग आमच्या खिशातील कागदाकडे बोट करून विचारले, “आजोबा, आपल्या नाण्याच्या मागे का नाव नाही?”

आमच्या नाण्याच्या पाठीवर नुसते बारीक बारीक ठिपके आहेत. अक्षरे झिजून गेली, असे आम्ही समजत आलो होतो. परंतु झीज अक्षरे खाते, ठिपके घालीत नाही.

होस्पेटच्या आमच्या मुक्कामाच्या मालकांनी नाण्यांचा व्यासंग असलेल्या एका वृद्ध कानडी गृहस्थांकडे आम्हांस पाठविले. त्यांनी ठसे भिंगाखाली क्षणभर धरले आणि उठून कपाटातील एक पुस्तक उघडून समोर ठेवले. चित्रात आमचाच होन होता; त्याच तीन मूर्ती, पाठीवर तेच ठिपके. “मास्तर,” ते म्हणाले, “हा तीन स्वामींचा होन. मधे व्यंकटेश आणि दोन बाजूंस देवी. मद्रासेच्या इंग्रज कंपनीने पाडलेला. सोने मात्र सोनेच आहे हो.” शेवटचे वाक्य त्यांनी आमच्या चेहऱ्याकडे पाहून जोडले असावे.

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. पाठीवर ठिपके असलेल्या त्या नाण्याचा मार्ग मात्र मनात हळूहळू उलगडत गेला. 1565 च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगर पडले. दोन वर्षांनी, 1567 साली, सीझर फ्रेडरिक नावाचा व्हेनिसचा व्यापारी या नगरात सात महिने राहिला. घरे उभी होती पण ओस, आणि त्यांत वाघ राहत होते, असे तो लिहितो. येथून गोव्यास जाताना त्यास निराळाच जाच झाला. जो तो लहानमोठा अधिकारी आपल्या मुलखात स्वतःची नाणी पाडू लागला होता. आज घेतलेले नाणे उद्या पुढील गावी कोणी घेईना. ज्या राज्याचे नाणे सर्व हिंदुस्थानात चालते असे पायसाने लिहिले, त्या राज्यात अर्धशतकाच्या आत एका दिवसाच्या मजलेपलीकडे नाणे चालेनासे झाले. शाळेत आम्ही तालिकोटची लढाई शिकविली, तीत कोण मेला व कोण पळाला हे सांगितले. ही एवढीशी गोष्ट कधी सांगितली नाही, आणि राज्य बुडणे म्हणजे काय हे तिच्याइतके दुसऱ्या कशात दिसत नाही.

राजे पेनुगोंड्यास व पुढे चंद्रगिरीस गेले. तिरुमलरायाने नाण्यावर राम, सीता व लक्ष्मण आणले. वेंकटपतीने व्यंकटेश आणला. टांकसाळ मोडली तरी साचा मोडला नाही. इक्केरीच्या नायकांनी उमामहेश्वराचा वराह चालू ठेवला. हैदरअलीने तोच शिवपार्वतीचा होन पाडला आणि पाठीवर आपल्या नावाचे आद्याक्षर फारसी लिपीत घातले. प्रजेच्या हातास ज्या नाण्याची सवय आहे ते बदलू नये एवढा व्यवहार त्यास कळत होता. आमच्या शिवछत्रपतींनी 1674 साली राज्याभिषेकसमयी सोन्याचे नाणे पाडले तेही होनच, एका अंगी ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या अंगी ‘छत्रपति’. इंग्रजांस 1639 साली मद्रासेची जागा मिळाली तेव्हा सनदेत नाणी पाडावयाचा हक्कही मिळाला. त्यांनीही बाजारात खपावे म्हणून व्यंकटेशच ठेवला, फक्त पाठीवर राजाच्या नावाच्या जागी ठिपके घातले. 1818 साली त्या इलाख्यात रुपया हे मुख्य नाणे झाले आणि होनाचा व्यवहार संपला. अशा त्या सहा-सात पिढ्यांच्या नकलेतील एक नक्कल आमच्या करंड्यात येऊन बसली होती.

घरी परतल्यावर आम्ही सर्व मंडळींस एकत्र बसवून हे सांगितले. आजीची गोष्ट आपल्या तोंडाने खोटी पाडताना शब्द नीट फुटेनात. आम्ही म्हटले, होन कृष्णरायाचा नाही. मुलीच्या मंगळसूत्रासाठी तो मोडावयाचा असल्यास आता आमची हरकत नाही. बंधू काही बोलले नाहीत. आमच्या भावजयीने गेली चाळीस वर्षे त्या नाण्यास पंचामृताने न्हाऊ घातले आहे. त्यांनी एवढेच विचारले, “मग मधला कोण म्हणालात? व्यंकटेश ना? मग इतकी वर्षे आम्ही नमस्कार केला तो व्यंकटेशालाच पोहोचला की!” आणि करंडा उचलून त्या देवघरात गेल्या. मंगळसूत्राचे मणी सोनाराकडून नव्या सोन्याचे आणले.

आम्ही एका चिठ्ठीवर ‘तीन स्वामींचा होन, मद्रास, इंग्रज कंपनी, विजयनगरचा नव्हे’ असे लिहून ती करंड्यात घातली आहे. बंधूंनी ती वाचली व म्हणाले, “दादा, ‘नव्हे’ थोडे बारीक अक्षरात लिहिले असतेत तरी चालले असते.” राहिले आमचे जुने विद्यार्थी. त्यांपैकी पुष्कळांच्या घरी हे मासिक येते हे आम्हांस ठाऊक आहे. सातवीच्या वर्गात विजयनगरच्या पाठाच्या वेळी आम्ही जे सांगितले होते, त्यात त्यांनी एवढी दुरुस्ती करून घ्यावी.